हातानं चालवायची सायकल: दोनचाकी घ्यावी की तीनचाकी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: अपघातानंतर कमरेखाली हालचाल नाही, त्याआधी सायकल रोजची होती, आता हातसायकल घ्यायची आहे. दोनचाकी आवडली आहे, कारण तीनचाकी बघितली की 'आजारी माणसाची गाडी' वाटते.

माझी इजा टी-१० ची, म्हणजे पाठीच्या कण्यात छातीमागच्या दहाव्या मणक्यापाशी (आकडा जितका लहान तितकी इजा वर). छातीपर्यंत सगळं माझं, पोटाचे खालचे स्नायू अर्धवट, पाय नाहीत जमेत. दोनचाकी दीड वर्ष चालवली, नंतरची सहा वर्षं तीनचाकीवर आहे. पाय टेकवता येत नसेल तर पहिली सायकल तीनचाकी घ्या, हे आधीच सांगून टाकतो. का, ते जरा सविस्तर सांगतो.

दोनचाकीला मी नावं ठेवणार नाही. वळणावर ती अंगासकट कलते. अपघातानंतर जे कायमचं गेलं असं वाटत होतं, ते त्या एका कलण्यात परत मिळालं. अरुंद वाटेतून जाते, खड्डा चुकवायला एकच रेघ सांभाळावी लागते, रस्ता बाजूला उतरता असला तरी ती आपली सरळ उभी. ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगात सपाट रस्त्यावर तिच्यात काही खोट काढता येत नाही.

पण सायकल सारखी पंधरा-वीसनं धावत नाही. ती थांबते, निघते, चढावर रांगते. हातसायकलवर हे रांगणं पायाच्या सायकलीपेक्षा कितीतरी जास्त असतं, कारण दंडाचे स्नायू मांड्यांच्या मानानं लहान. जो चढ पूर्वी तुम्ही बोलत बोलत चढत होतात, तिथे आता ताशी चार-पाच किलोमीटर. तोल सांभाळायचा तर ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल वळवून चाकं पुन्हा अंगाखाली आणावी लागतात, आणि वेग जितका कमी तितकं हे वळवणं मोठं. आता गंमत बघा, हँडलही हातात आणि पेडलही हातातच. बहुतेक हातसायकलींत दोन्ही मुठी एकाच वेळी पुढे जातात आणि एकाच वेळी मागे येतात. पायासारख्या आळीपाळीनं फिरवल्या तर प्रत्येक फेऱ्यात चाक डावी-उजवीकडे ओढलं जाईल, म्हणून तशी रचना. तरी जोर सगळ्या फेऱ्यात सारखा लागत नाहीच. वर आणि खाली एकेक मेलेली जागा असते, म्हणजे तिथे हाताचा जोर जवळजवळ लागतच नाही. चढावर फेरे मंद झाले की प्रत्येक मेल्या जागी सायकल दचकते, आणि नेमका त्याच क्षणी तोलही सांभाळायचा असतो. पायवाला कंबर हलवून निभावून नेतो. आपली कंबर पट्ट्यानं सीटला बांधलेली.

थांबण्यासाठी माझ्या दोनचाकीला बाजूला दोन छोटी चाकं होती, खटका ओढला की खाली येणारी. एकदा सिग्नलला नेहमीसारखा थांबलो, खटका ओढला, आणि उजवं छोटं चाक बरोबर एका खळग्यात बसलं. सायकल सावकाश, अगदी सभ्यपणे आडवी झाली. पाय पायपट्टीला बांधलेले, कंबर सीटला, वर मी तसाच. दोघं धावत आले आणि माझे दंड धरून ओढायला लागले. त्यांना सांगावं लागलं की बाबांनो, मला सोडा, सायकल धरा, आम्ही दोघं जोडीनंच उठतो. हसू आलं सगळ्यांना, मलाही. घरी येऊन मोजा काढला तेव्हा तो आतून रक्तानं चिकटला होता. नडगी सोललेली, आणि मला पत्ता नाही. पडण्याची लाज दोन दिवसांत जाते. संवेदना नसलेल्या कातडीवरची जखम मात्र भरायला किती वेळ घेते हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून तुम्हाला एकच विचारायचं आहे: एक तरी पाय भक्कम टेकवता येतो का? येत असेल तर हे सगळं विसरा आणि खुशाल दोनचाकी घ्या. ज्यांचा एक पाय चांगला आहे, किंवा गुडघे पेडल मारू देत नाहीत पण उभं राहू देतात, त्यांच्यासाठी ती उत्तम. माझी दोनचाकी आता एका मित्राकडे आहे, त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तो सिग्नलला उजवा पाय रोवून उभा राहतो, मागून मी आलो की घड्याळ बघितल्यासारखं करतो.

आता 'आजारी माणसाची गाडी'. पॅरालिम्पिकमध्ये हातसायकलच्या शर्यती २००४ ला अथेन्सपासून आहेत, आणि शर्यतीच्या नियमांत हातसायकल म्हणजे तीन चाकांचीच. अॅलेक्स झानार्डी, पूर्वी फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवलेला माणूस, २०१२ आणि २०१६ मध्ये सुवर्णपदकं जिंकला तो तीन चाकांवर. आणि फार मागे जायचं तर १६५५ च्या सुमारास जर्मनीत न्युरेंबर्गजवळ स्टेफान फार्फ्लर नावाच्या घड्याळजीनं स्वतःसाठी हातानं दांडा फिरवून चालणारी गाडी बनवली. त्याचे पाय चालत नव्हते, दातेरी चाकांचं काम मात्र हातात होतं. त्यानंही तीनच चाकं लावली. पायानं मारायची सायकल यायला तेव्हा अजून दीडशेहून जास्त वर्षं होती, तेव्हा या घराण्यात वडीलकी आपल्याकडे आहे.

तीनचाकीचे नखरे आहेत, तेही ऐका. पहिला वळणाचा. पुढे एक, मागे दोन अशी चाकं असतात. चाकं जमिनीला टेकतात ते तीन बिंदू जोडून मनात त्रिकोण काढा. पुढे तो निमुळता होतो. वळणात अंग बाहेर फेकलं जातं, ब्रेक दाबला की पुढे. दोन्ही एकदम झालं तर भार तिरका, पुढे आणि बाहेर जातो, आणि तिथे चाक नाही. उतारावर माझं आतलं मागचं चाक एकदा हातभर नाही पण चांगलं बोटभर उचललं गेलं, तेव्हापासून ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. धड वळणाच्या आत झुकवता आलं तर बरंच सावरता येतं. पोटाचे स्नायू कामाचे नसतील तर ते जमणार नाही, मग सीट जितकी खाली तितकं बरं.

दुसरा नखरा चढाचा. जोर बहुधा पुढच्या चाकाला असतो आणि मागे रेलून बसल्यावर वजन मागच्या दोन चाकांवर. चढ तीव्र असेल, वर खडी किंवा ओली पानं असतील, तर पुढचं चाक जागेवर गरगर फिरतं. पुढे वाकून वजन टाकता आलं तर पकड मिळते. नाही तर रस्ता बदलायचा, दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

तिसरा सगळ्यात चिवट. पाणी वाहून जावं म्हणून रस्ते कडेला उतरते केलेले असतात. दोनचाकीला त्याचं काही नसतं. तीनचाकी रस्त्याबरोबर कलते आणि कडेला ओढत राहते, तुम्ही तासभर एकाच खांद्यानं तिला धरून ठेवता. शिवाय तीन चाकांच्या तीन रेघा. पुढचं चाक खड्ड्यातून वाचवलं की मागचं कुठलं तरी हमखास त्यात जातं, आणि तो दणका थेट माकडहाडाला. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवून आणि चांगली गादी घालून मी निभावतो.

तीनचाकीतही दोन जाती आहेत. एकीत नेहमीसारखा पुढचा चिमटा वळतो, दुसरीत धड कलवून वळवायची. कलणारी चालवताना दोनचाकीची आठवण येते, पण त्यासाठी कमरेवर ताबा हवा. टी-६ च्या वरची इजा असेल तर चिमट्याचीच बघा. व्हीलचेअरला पुढे जोडायचं हातपेडलवालं चाकही मिळतं. एका सीटवरून दुसऱ्या सीटवर जायची कटकट वाचते, चढावर घसरण्याचं दुखणं मात्र त्यात आणखी जास्त.

खांद्यांचं एक राहिलं. आपले खांदे नुसते सायकलचे नाहीत. पलंगावरून खुर्चीत तेच नेतात, खुर्चीही तेच ढकलतात. त्यामुळे चाकांच्या संख्येइतकंच गिअर किती हलके आहेत ते बघा. मूठ सगळ्यात लांब गेली असताना कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं आणि मुठी खांद्याच्या वर फार जायला नकोत. दुकानदार गिअरची संख्या सांगेल, तुम्ही सगळ्यात हलका गिअर टाकून चढावर चालवून बघायला मागा.

चालवून बघताना सपाटीवर पळवू नका, तिथे सगळ्याच छान वाटतात. खुर्चीतून सायकलवर या, तेही पार्किंग ब्रेक लावून, आणि सायकल तसूभरही सरकते का ते बघा. चढावर मध्येच थांबून पुन्हा निघा. अरुंद जागेत मागे वळा. पुढचं चाक पुरतं वळवल्यावर मुठी मांडीला घासतात का ते तिथेच कळतं. पायांना झटके येत असतील तर पट्टे आवळून दहा मिनिटं बसा. घरी गेल्यावर आरसा घेऊन बैठक, टाचा आणि घोटे तपासा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर सायकल कितीही आवडली असली तरी ती सीट तुमची नाही.