२४ तारखेच्या दुपारी दोननंतर

प्रश्न: ताई, आम्ही तीन वर्षं स्टुटगार्टमध्ये आहोत. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चारचा. गेल्या नाताळात पार दैना झाली. २४ तारखेला संध्याकाळी दूध आणायला बाहेर पडले तर सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुढचे दोन दिवस चौघं घरात कोंडलेलो. मुलांची किरकिर, आमची भांडणं. मुलीला झाड हवं होतं, तर सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आपल्यात हे नसतं." पोर रडत झोपली. यंदा वाटतंय, १५ डिसेंबरलाच मुलांना घेऊन पुणं गाठावं. तिकीटही स्वस्त मिळतंय. काय करू?

उत्तर: आधी तिकिटाचं बोलते, कारण ते काढायच्या आत थांबायला हवं. जर्मनीत मुलांनी शाळेत हजर राहणं कायद्यानेच सक्तीचं आहे. स्वस्त तिकीट हे कारण शाळा मानत नाही, दंड होऊ शकतो. सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर शाळकरी मुलांच्या आईवडिलांना पोलिसांनी विचारपूस केल्याचं शेजारच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात घडलेलं आहे. घरात कुणाचं गंभीर आजारपण असेल तर मुख्याध्यापकांना आधी लेखी अर्ज द्या आणि होकार आल्यावरच तिकीट काढा. पोटदुखीची खोटी चिठ्ठी मात्र नको. मुलगी सोमवारी वर्गात खरं सांगून मोकळी होईल, आणि तेही तिच्यावर ओझंच.

म्हणजे यंदाचा नाताळ बहुधा तिथेच. मग तो नीट होऊ दे.

नोव्हेंबरअखेरीपासून चौकाचौकात दिवे, बाजार, गर्दी दिसते, म्हणून नवीन माणसाला वाटतं की खऱ्या दिवशी याहून धमाल असणार. तिथला नाताळ मात्र दाराआड होतो. बहुतेक बाजार २३ किंवा २४ ला आवरतात, २४ ला दुपारी दोन वाजता दुकानं बंद होतात आणि माणसं आपापल्या घरात शिरतात. त्या संध्याकाळी कुणी कुणाकडे सहज डोकावत नाही. तुम्हाला कुणी टाळलं नव्हतं, तिथली रीतच तशी आहे.

यंदा तर जास्त सावध राहा. २०२६ मध्ये २४ डिसेंबर गुरुवारी येतो, २५ आणि २६ सुट्टी, २७ रविवार. म्हणजे गुरुवारी दुपारी मिटलेली दुकानं थेट सोमवारी सकाळी उघडणार. खरेदी मंगळवारी २२ ला संध्याकाळीच उरका, २४ च्या सकाळी रांगेत जीव जातो. चौघांना चार दिवसांसाठी टिकाऊ दूध सहा लिटर, दही दोन किलो, कांदे-बटाटे मिळून चार किलो, ब्रेडचे दोन पुडे (एक फ्रीझरमध्ये) आणि कोरड्या कागदात गुंडाळलेली कोथिंबीर एवढं घरात असलं की पोटाची चिंता मिटली. काही राहिलंच तर मुख्य रेल्वे स्टेशनमधली दुकानं आणि पेट्रोल पंप कामाला येतात, पण तिथे महाग पडतं.

मुलांच्या वजनाला योग्य असं तापाचं औषध आणि चालू बॅटरीचा थर्मामीटर आधी पाहून ठेवा. लहान मुलं नेमकी सुट्टीत तापतात. दवाखाने बंद असताना डॉक्टरांसाठी ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. औषधाचं दुकान रात्रपाळीने एखादंच उघडं असतं, त्याचा पत्ता औषधाच्या कुठल्याही बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो. हीटर बंद पडला तर कुणाला फोन करायचा ते जिन्यातल्या फलकावर असतं. आत्ताच फोटो काढून ठेवा.

आता भांडणांचं. त्या दिवसांत स्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तुम्ही उशिरा उठलात, जेवलात, भांडी आवरलीत की बाहेर अंधार, आणि दोन मुलं दिवसभर चार भिंतींत. तिथेच ठिणगी पडते. रोज अकरा ते एक घराबाहेर, पाऊस असला तरी. क्रीडांगणं आणि जंगलातल्या वाटा सुट्टीतही उघड्याच असतात. स्वयंपाक परतल्यावर करा, आणि तोही खिचडीचा. २४ ला दुपारी बऱ्याच चर्चमध्ये लहान मुलं येशूजन्माचं छोटं नाटक करतात. ते कुणालाही पाहता येतं, तिकीट नसतं. अर्धा तास आधी जा, नाहीतर उभं राहावं लागतं. मुलीच्या वर्गातलं कुणीतरी त्यात मेंढपाळ झालेलं असण्याची दाट शक्यता आहे, आधी विचारून ठेवा.

त्या संध्याकाळी माणसं हवीत हे मात्र खरं. तुमच्यासारखीच घरी न गेलेली कुटुंबं आणि वसतिगृहात एकटे राहिलेले आपले विद्यार्थी यांना बोलवा, ४ ते ८. वेळेला शेवट असला की घरची बाईही दमत नाही. जर्मन शेजाऱ्यांना २६ तारखेला दुपारी तीनच्या कॉफीला बोलवा. तो भेटीगाठींचा दिवस असतो. पण निमंत्रण नोव्हेंबर संपायच्या आत जायला हवं, कारण त्यांचा डिसेंबर फार लवकर भरतो.

शेजाऱ्यांना द्यायला शंकरपाळे करा. त्या महिन्यात घरोघरी बिस्किटं भाजून एकमेकांना वाटतात, त्यात ते अगदी शोभून दिसतात. दूध, साखर, तूप प्रत्येकी एक वाटी गरम करून गार होऊ द्या आणि त्यात मावेल तेवढा मैदा मळा. तिथल्या पिठाच्या पुड्यावर ४०५ आकडा असतो तो मैदा, आणि ‘बुटरश्माल्त्स’ म्हणजे तूपच. तूप जास्त झालं तर शंकरपाळे कढईत हसतात, म्हणजे फुटून विरतात, म्हणून आधी एकच टाकून बघा. काचेच्या शेगडीवर गोल बुडाची कढई टेकत नाही, तेल हवं तसं तापत नाही आणि शंकरपाळे तेल पितात. सपाट बुडाचं जाड भांडं घ्या. तळण झाल्यावर दोन्हीकडच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा, नाहीतर वाफ गार भिंतीवर बसून बुरशी धरते. पुड्यावर घटक लिहा. दूध आणि गहू कुणाला चालत नसेल तर त्याला कळायला हवं.

आता झाड आणि सासूबाई. माझं स्पष्ट मत आहे, मुलीला झाड आणू द्या. जानेवारीत वर्गात प्रत्येकजण सुट्टीचं सांगतो, तिथे तिला गप्प बसावं लागू नये. कुंडीतलं हातभर झाड पुरे. मुलगा चारचा आहे, म्हणून त्यावर खरी मेणबत्ती नको. हे सासूबाईंना तुमच्या नवऱ्याने सांगायचं, तुम्ही नव्हे. आईशी मुलगा बोलला तर ती चर्चा होते, सून बोलली तर तोच उद्धटपणा ठरतो. वादही घालू नये, फक्त सांगावं: "आई, मुलांसाठी आणतोय. दिवाळी आपली आपल्यासारखीच होणार."

आणि दिवाळीचा आकाशकंदील अजून माळ्यावर टाकला नसेल तर राहू द्या खिडकीत. सॅक्सनीतल्या हेर्नहुट गावचा टोकदार कागदी तारा डिसेंबरभर तिथल्या खिडक्यांत लटकतो, आत दिवा लावलेला. आपला चांदणीचा कंदील त्याच्या शेजारी ठेवला तर सख्खी भावंडं वाटतील. हे सासूबाईंना व्हिडिओवर मुलीलाच दाखवू द्या. २४ ला तुमच्या दुपारी अडीचला फोन लावा, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, दिवेलागण नुकतीच झालेली असते. शुभंकरोती आजीबरोबर म्हणायची, मग आजीला झाड.

त्यांना पुण्याहून पार्सल पाठवायचं असेल तर पेढे, बर्फी, तूप नको म्हणावं. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणता-पाठवता येत नाहीत. कढीपत्ताही नाही. चिवडा पाठवावा. भेटवस्तूच्या पार्सलला ४५ युरोपर्यंत कर लागत नाही, मात्र आत काय आणि कितीचं आहे ते बाहेर नीट लिहिलेलं असावं.

आणि नाताळाआधीची तिथली एक रीत: ६ डिसेंबर हा संत निकोलसचा दिवस, म्हणून ५ डिसेंबरला रात्री मुलांना बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायला सांगा. सकाळी त्यात अक्रोड, संत्रं आणि एक चॉकलेट सापडलं पाहिजे. मुलाच्या बुटात अक्रोड नको, चार वर्षांच्या घशात अडकतो.