स्वीडनची डिझेल इंजिनं अभ्यासायची तर आधी रेलबस बघा

तुम्ही थेट डिझेल इंजिनांच्या याद्या पाठ करायला बसलात, तिथेच गाडी चुकतेय. स्वीडनमध्ये मुख्य मार्गांवर वीज फार लवकर आली. किरुनाकडचा लोहखनिजाचा मार्ग 1915 ला, स्टॉकहोम-गोथेनबर्ग 1926 ला. त्यामुळे डिझेलच्या वाट्याला प्रामुख्याने फाट्यांवरचे मार्ग आणि शंटिंगच आलं. त्या फाट्यांवर प्रवासी गाड्यांची वाफेची इंजिनं मुख्यतः रेलबसने, म्हणजे रुळांवर धावणाऱ्या, स्वतःचं इंजिन असलेल्या बससारख्या छोट्या गाडीने हटवली. डिझेल इंजिनांनी मालगाड्या घेतल्या. म्हणून आधी हिल्डिंग कार्लसन यांच्या उमेओच्या कारखान्यातल्या रेलबस बघा.

मग टी21. जर्मनीच्या माक कंपनीचं हे इंजिन 1950 च्या दशकातलं. फोटोत चाकं जोडणारे दांडे दिसले की नवखे त्याला वाफेच्या इंजिनाचं रूपांतर समजतात. (मीही समजलो होतो.) तसं काही नाही, ते डिझेल-हायड्रॉलिकच आहे, म्हणजे डिझेल इंजिनाची ताकद द्रवाच्या मदतीने चाकांकडे पोचवणारं.

आणि ‘वाफ संपली’ असं लिहिण्याची घाई नको. युद्धात तेल आणि वीज तुटली तर लाकडावरही चालतील, म्हणून कित्येक वाफेची इंजिनं पुढे अनेक वर्षं राखीव ठेवली होती. यादीत ‘सेवेतून निवृत्त’ आणि ‘भंगारात’ हे रकाने वेगळेच ठेवा.