वायफाय जोडलेलं, तरी इंटरनेट नाही

प्रश्न : विंडोज ११चा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडलेला दिसतो, पण एकही साइट उघडत नाही. मोबाइलवर त्याच वायफायने सगळं नीट चालतं. सेटिंग नेमकी कुठे बघू? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : मोबाइल चालतोय, म्हणजे लाइन ठीक आहे, राउटर रीसेट मुळीच करू नका. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग तुमच्या नेटवर्कच्या नावापुढचं प्रॉपर्टीज उघडा आणि ‘आयपी असाइनमेंट’ (लॅपटॉपला नेटवर्कवरचा आकडी पत्ता कसा मिळतो, ते) बघा. तिथे ‘मॅन्युअल’ असेल तर बहुतेक दोष तोच. ऑफिसात कुणी ठरावीक पत्ता भरून दिला, की तो घरी चालत नाही : घरचा राउटर १९२.१६८.१.१ आणि लॅपटॉप १९२.१६८.०.२५, तर दोघांची गाठच पडत नाही. ‘एडिट’ दाबून ‘ऑटोमॅटिक’ निवडा, सेव्ह करा.

आधीपासून ऑटोमॅटिकच असेल तर खाली आयपीव्ही४ पत्ता वाचा. १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतलाय. अशा वेळी ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. पत्ता बरोबर असूनही साइट उघडत नसेल, तर त्याच पानावर ‘डीएनएस’ (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) हेसुद्धा ऑटोमॅटिक करा. हे हमखास राहून जातं.