सराट्याचं बी आणि अर्धा मिलिमीटर चोच

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात अंबाजोगाईचे प्राणीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.)

प्रश्न : सर, मी गेवराई तालुक्यातला शेतकरी. लहानपणी रोही, म्हणजे नीलगाय, दिसला की गावात चार दिवस चर्चा व्हायची. आता पंधरा-वीसचा कळप हरभऱ्यात उतरतो. आधी दिवसा यायचे, राखण सुरू केल्यापासून रात्री बारानंतर येतात. दुष्काळानं जनावरं हुशार झाली का? यालाच उत्क्रांती म्हणतात का? आणि नुकसानभरपाईच्या अर्जाचं काय करायचं?

उत्तर : हुशार झाली म्हणा, उत्क्रांत झाली म्हणू नका. रोही होता तसाच आहे, बदललं ते तुमचं शिवार. दाट जंगल त्याला कधीच मानवलं नाही. मोकळा माळ, थोडी झुडपं, लपायला आडोसा, एवढ्यावर तो खूश. पाण्यावाचूनही तो बरेच दिवस काढतो. जायकवाडीचा उजवा कालवा तुमच्या तालुक्यातून गेला आणि कालव्यावर ऊस आला. ऊस म्हणजे आडोसा, हरभरा नि तूर म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. मागं लागणारा वाघ केव्हाच गेला, लांडगे उरले ते मोजके. अशा जागी कोण राहणार नाही?

रात्रीचं म्हणाल तर तो एका आयुष्यात शिकलेला धडा आहे. फटाके नि कुत्री दिवसा असतात हे मादीला कळतं आणि पिल्लू तिच्या मागं चालतं. तुमच्याच शिवारात नव्हे, जगभर हे चाललंय. २०१८ साली ६२ सस्तन जातींवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज झाली, तेव्हा माणसाच्या वावरामुळं प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट वाढलेली दिसली. पण उद्या तुम्ही राखण सोडली तर हाच रोही थोड्याच दिवसांत भर उन्हात येऊन उभा राहील. शिकलेलं विसरता येतं. उत्क्रांतीतला बदल असा एका जनावराला अंगातून काढून ठेवता येत नाही.

नुकसानभरपाईच्या अर्जाचंही तुम्ही विचारलंय. तो या पानाचा विषय नाही, आणि माझ्या स्वतःच्याच अर्जाचं पुढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न : मी औशाला बारावीत आहे. पुस्तकात नैसर्गिक निवड समजावताना जिराफाची मान देतात. आमच्याकडं जिराफ नाही. दुष्काळ पडल्यावर प्राणी बदलतात म्हणजे नेमकं काय होतं? जवळचं उदाहरण द्याल का?

उत्तर : पोरी, जिराफ राहू दे. पायातली चप्पल उलटी करून बघ, तळाला एखादा सराटा रुतलेला असेल. सायकली पंक्चर करतो तोच. त्याच्याच गणगोतातला एक सराटा प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवर उगवतो. तिथल्या डॅफ्ने मेजर नावाच्या एका उघड्याबोडक्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या मागं लागलं होतं. फिंच म्हणजे आपल्या चिमणीएवढा, दाणे फोडून खाणारा पक्षी. एकेक पकडायचा, पायात कडी घालायची, चोचीची जाडी मापायची, वहीत लिहायची, सोडून द्यायचा. वर्षानुवर्षं हेच.

१९७७ साली त्या बेटावर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. जेमतेम २४ मिलिमीटर. आपल्याकडं बहात्तरच्या दुष्काळात निदान मिलो ही परदेशी लाल ज्वारी आली, सुकडी आली, खडी फोडायची कामं निघाली. मी तेव्हा आठवीत होतो. त्या लाल मिलोच्या भाकरीचा वास अजून नाकात आहे. फिंचांना सुकडी कोण वाटणार? बारीक, मऊ बिया आधी संपल्या. मागं राहिले ते मुख्यतः सराटे.

सराटा फोडणं म्हणजे काय ते कळावं म्हणून परवा मी आपला एक सराटा अडकित्त्यात धरला. दोनदा निसटला, एकदा अंगठ्यात घुसला, चौथ्या खेपेला कट्‌ करून फुटला. आत दोन-तीन बिया, तिळाहून बारीक. एवढ्याशा घासासाठी एवढी झटापट! ज्या फिंचाची चोच जरा जाड, त्याला हे जमायचं. बारीक चोचीचा पक्षी एक-दोनदा धडपडायचा आणि नाद सोडायचा. हा ‘जरा’ म्हणजे किती? साधारण अर्धा मिलिमीटर. तुझ्या वहीची पाच-सहा पानं एकावर एक चिमटीत धर, तेवढं.

दुष्काळ सरेपर्यंत त्या जातीतले शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास पक्षी मेले, आणि मेलेल्यांत बारीक चोचीचे जास्त. वाचलेल्यांना पुढं पिल्लं झाली, तीही आईबापासारखी जाड चोचीची. आता नीट वाच, कारण पेपरात मार्क जातात ते इथंच. दुष्काळामुळं एकाही फिंचाची चोच वाढली नाही. कुणी जिद्दीनं सराटे फोडून चोच कमावली नाही. जाड चोचीचे पक्षी आधीपासून होते, बारीक चोचीचेही होते; दुष्काळानं चाळण लावली. बदलली ती पुढच्या पिढीची सरासरी.

१९८२-८३ मध्ये एल निनोमुळं त्याच बेटावर धो-धो पाऊस कोसळला. वेली माजल्या, बारीक बियांचा सडा पडला, आणि पुढच्या वर्षांत बारीक चोचीवाल्यांचं फावलं. सरासरी उलटी सरकली. म्हणून उत्तरात ‘प्राणी अधिकाधिक प्रगत होत जातात’ असं वाक्य लिहिलं असशील तर खोडून टाक.

आणि एक काम कर. कॉलेजच्या मैदानावरचे शंभरेक सराटे गोळा करून प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरनं मापून बघ. दोन सारखे सापडले तर मला कळव.

प्रश्न : रानातल्या प्राण्यांच्या पानावर अळीचा प्रश्न चालेल का? बीटी कपाशी आली तेव्हा आमच्या सेलूकडं बोंडअळी गेल्यातच जमा होती. मग परत कशी आली? दुकानदार म्हणतो, अळी बीटीला सरावली.

उत्तर : चालेल की! उत्क्रांती डोळ्यांसमोर बघायची असेल तर गालापागोसला जायची गरज नाही, तुमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पुरे.

दुकानदाराचा ‘सरावली’ हा शब्द मात्र चुकीचा आहे. सरावतो तो दारुडा. बीटी कपाशीच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं. गुलाबी बोंडअळी ते खाऊन एक तर मरते, नाही तर जगते. लाखांत एखादी जन्मतःच चिवट असते. बाकीच्या मेल्या की सगळं रान तिचं. एक मादी शंभर-दोनशे अंडी घालते आणि महिन्याभरात पुढची पिढी तयार. फिंचांना जे एका दुष्काळात झालं ते इथं प्रत्येक हंगामात चार-पाच वेळा होतं. आपल्या देशात २००२ ला बीटी कपाशी आली, २००६ ला दोन जनुकांची आली, आणि २०१७ ला आपण सगळ्यांनी डोमकळ्या, म्हणजे आत अळी शिरल्यानं न उमललेली फुलं, मोजल्या.

हे होणार याचा अंदाज बियाणं काढणाऱ्यांनाही होता. म्हणून तर ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमची बिगरबीटी पुडी यायची, बांधाच्या कडेनं लावायला. त्या ओळींत साधे, बीटीनं मरणारे पतंग वाढावेत, त्यांनी चिवट पतंगांशी जोड्या कराव्यात, असा हिशेब. चिवटपणा आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी बीटीवर तगते, त्यामुळं अशा जोडीची पिल्लं बीटीवर मरतात. म्हणजे अळी वाचवायची ती अळी मारण्यासाठी. शेतकऱ्याला हे पटणं अवघड, आणि पटवून सांगायला वावरात फारसं कुणी आलंही नाही. दुसऱ्याला काय बोलू? मी तीस वर्षं नैसर्गिक निवड शिकवली, आणि आमच्याच घरची ती पुडी दोन हंगाम माळवदावरच्या खोलीत उंदरांनी खाल्ली.

मग कपाशीची बोंडं खाणारी दुसरी अळी, घाटेअळी, का नाही तशी माजली? ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवर जगते. बीटी नसलेलं रान तिला आपोआपच मिळालं, साधे पतंग टिकून राहिले. गुलाबी बोंडअळीला कपाशीशिवाय दुसरं घर जवळपास नाही, आणि कपाशी सगळी बीटी. त्यात आपण पाणी आहे म्हणून फरदड ठेवतो, हंगाम संपला तरी कपाशी उभीच, म्हणजे तिचा उपाशी राहायचा काळही आपणच बुजवतो. डिसेंबर सरला की रान मोकळं करा, पऱ्हाट्यांचा ढीग बांधाला ठेवू नका. एवढं ऐका, बाकी औषधाचं कृषी सहायकाला विचारा.

प्रश्न : पूर्वी आमच्या गावाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडं उतरायची, तासाभरात सांगाडा करायची. आता एक दिसत नाही. बाकीचे जीव जुळवून घेतात, गिधाडांना का जमलं नाही? – एक वाचक, कळमनुरी

उत्तर : वरच्या अळीचा हिशेब उलटा मांडा. गिधाड वयात यायलाच पाचेक वर्षं घेतं, मग वर्षाला एक अंडं. त्यांना मारलं ते डायक्लोफेनॅकनं. दुखऱ्या बैलाला टोचलेलं हे औषध त्याच्या मढ्यातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. एका मढ्यावर चाळीस-पन्नास गिधाडं बसतात, त्यामुळं अशी थोडी मढीही पुरली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांसाठी या औषधावर बंदी आली २००६ ला. चाळण लावायलासुद्धा वर काहीतरी उरावं लागतं. पंधरा वर्षं म्हणजे बोंडअळीच्या साठ-सत्तर पिढ्या, गिधाडाच्या फार तर दोन-तीन. तेवढ्यात काय निवडणार आणि कुठून पिल्लं आणणार?

मला मात्र त्यांची पंगत अजून आठवते. आजी म्हणायची, लांबून बघ, जवळ गेलास तर अंगावर ओकतील. खरंच ओकतात.

प्रश्न : काळवीट एवढं जीव तोडून का पळतं? मागं तर गावठी कुत्रीच असतात. – एक वाचक, भूम

उत्तर : त्याचे पाय कुत्र्यांसाठी घडलेलेच नाहीत. ते चित्त्यासाठी घडले. आपल्याकडं चित्ता होता. कोल्हापूर संस्थानात तर तो पाळून त्याच्याकडून काळविटांची शिकार करवत. देशातले शेवटचे मूळचे चित्ते १९४७ च्या सुमारास मारले गेले, १९५२ ला ते नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. पाठलाग करणारा गेला तरी पळणारे पाय शिल्लक राहिले. असे पाय असून काळविटाचं काही बिघडत नाही, उलट कुत्री नि लांडगे आहेतच, त्यामुळं ते लवकर जाणारही नाहीत.

ता. क. : सराटे मापून झाल्यावर कुणाला मला पाठवायचेच असतील तर काडेपेटीत घालून पाठवा. मागं एकानं बाभळीचे काटे साध्या पाकिटात पाठवले होते. आमचे पोस्टमनमामा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.