गाण्यात माणूस कुठे आहे?

प्रश्न : बाई, माझा भाचा कीबोर्ड वाजवतो, चालीही बांधतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर त्याने आठवड्याच्या आत एक देशभक्तीचं गाणं केलं आणि वस्तीतल्या मंडळाच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात म्हटलं. टाळ्या पडल्या, पण नंतर कोणी विषयसुद्धा काढला नाही. पोरगं फार हिरमुसलं आहे. म्हणतो, “मामा, इंग्लंडच्या बीटल्स बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचंही असं गाणं पडलं होतं. घाईत केलेलं गाणं लोकांना आवडतच नाही.” हे खरं आहे का? इतक्या मोठ्या माणसाचं गाणं का पडलं? भाच्याच्या गाण्याचे शब्द आणि रेकॉर्डिंग सोबत पाठवतो आहे.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, गाणं पडलं हे खरं. पण घाईमुळे पडलं, हे मला पटत नाही.

११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी मॅकार्टनी न्यूयॉर्कच्या विमानतळावर, उड्डाणासाठी थांबलेल्या विमानात बसला होता. अतिरेकी हल्ल्यात जळणाऱ्या जुळ्या मनोऱ्यांचा धूर त्याने खिडकीतून पाहिला. लगेचच त्याने ‘फ्रीडम’ लिहिलं आणि २० ऑक्टोबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या मदतीच्या मैफलीत ते गायलं. ती मैफल उभी करण्यात त्याचाच पुढाकार होता. समोर अग्निशमन दलाचे जवान, पोलीस आणि गेलेल्यांचे नातलग बसले होते. गिटारवर एरिक क्लॅप्टनसारखा नामवंत वादक होता. सभागृहाने त्याच्यासोबत गाणं म्हटलं. पुढे तेच बाजारात आलं, तेव्हा अमेरिकेच्या शंभर गाण्यांच्या यादीत ९७ व्या क्रमांकापलीकडे गेलं नाही, समीक्षकांनीही ते साधं, घोषणेसारखं म्हणून बाजूला सारलं.

त्याच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलमध्ये आगी विझवायला जात. समोर बसलेली माणसं त्याला घरच्यासारखी वाटली असणार. पण गाणं ऐका. स्वातंत्र्याने जगण्याच्या हक्कासाठी मी लढेन, हेच परत परत येतं. धूर नाही, खिडकी नाही, गेलेलं एकही माणूस नाही. १९६६ साली याच माणसाने लग्न आटोपल्यावर चर्चमध्ये पडलेले तांदूळ वेचणारी एकटी बाई ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्यात आणली होती. आपल्याकडच्या अक्षता डोळ्यांपुढे येतात ते ऐकताना. तीन मिनिटांच्या आत एक आयुष्य आणि त्याचा शेवट. ते ज्याला साधतं, त्याने न्यूयॉर्कमध्ये जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच गाण्याबाहेर ठेवलं, याची मला आजही हळहळ वाटते.

दुसरी गोष्ट वेळेची. ७ ऑक्टोबरला, त्या हल्ल्याला उत्तर म्हणून, अफगाणिस्तानवर अमेरिकेचे बाँब पडायला लागले होते. ‘लढेन’ हा शब्द मैफलीत आधार देणारा वाटला असेल, पण रेडिओवर येईपर्यंत त्याला युद्धाचा वास लागला होता. मोकळ्या शब्दाचं असंच होतं, ज्याच्या हातात सत्ता असते तो त्यात आपला अर्थ भरतो. मॅकार्टनीने पुढे ते गाणं कार्यक्रमांतून काढूनच टाकलं.

आता घाईचं. चीनशी लढाई थांबली २१ नोव्हेंबर १९६२ ला, आणि लताबाईंनी दिल्लीत ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं २७ जानेवारी १९६३ ला. जेमतेम दोन महिने! कवी प्रदीपांनी त्यात आपल्या दिवाळीच्या वेळी तिकडे काय चाललं होतं ते सांगितलं, शीख, जाट, मराठा, गुरखा, मद्रासी अशी माणसं नावानिशी उभी केली. सी. रामचंद्रांनी चालीत कुठे आरोळी ठोकली नाही. ऐकणाऱ्याला लढ म्हणून सांगितलंच नाही, फक्त आठवण ठेवायला सांगितली.

आवेश वाईट असतो असं मात्र भाच्याने समजू नये. आपले तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवरच्या जवानांपुढे गेले होते. तिथे वीररसच हवा, कारण ऐकणारा उद्या पहाऱ्यावर जाणार असतो. प्रतापनगरच्या मैदानात पोरंबाळं घेऊन खुर्च्यांवर बसलेल्या माणसाला ‘उठा, पेटा’ म्हटलं तर त्याने उठून जायचं कुठे? टाळ्या वाजवतो अन् घरी जातो.

न्यूयॉर्कच्याच दुःखाशी जोडलं गेलेलं दुसरं एक गाणं सांगते. २१ सप्टेंबर २००१ ला, हल्ल्यानंतर दहाच दिवसांनी, अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने दूरचित्रवाणीवर ‘माय सिटी ऑफ रुइन्स’ म्हटलं. ते या हल्ल्यावर लिहिलेलंच नव्हतं. न्यू जर्सीतल्या ॲसबरी पार्क या ओस पडत चाललेल्या गावासाठी त्याने ते आधीच केलं होतं. एका गावाचं खरं दुःख त्यात होतं, म्हणून दुसऱ्या शहराला त्यात शिरता आलं.

तुमच्या भाच्याचे शब्द मी पेटीवर बसून दोनदा म्हणून पाहिले. पहिली दोन कडवी मला लागली नाहीत. रक्त, तलवार, भारतमाता, सगळं आधी ऐकलेलं. पण तिसरं कडवं! नागपुरात ऊन रणरणतं आहे आणि एका घरात माळ्यावरून स्वेटर काढून बॅगेत भरताहेत, लहान मुलगी कूलरपुढे टोपी घालून बघते आहे, हे त्याने कुठून आणलं? एप्रिलच्या उन्हात काश्मीरची तिकिटं काढलेलं घर आपल्या प्रत्येक गल्लीत सापडतं. २२ एप्रिल २०२५ ला बैसरनच्या कुरणात जी २६ माणसं मारली गेली, त्यांतले कितीतरी असेच सुटीवर निघालेले होते. त्या कडव्यापाशी मला थांबावं लागलं. आणि हा पोरगा ते शेवटी ठेवतो, तेही ढोलाच्या दणक्यात!

त्याला सांगा, गाणं टाकून देऊ नकोस. स्वेटरचं कडवं पहिलं घे. ‘उठा’चं धृपद काढ, मुलीच्या टोपीची ओळ आहे तिलाच धृपद कर. पट्टी दोन सुरांनी खाली आण, ताल दादराच ठेव पण लय अर्धी कर, आणि कीबोर्डवरचा तुतारीचा आवाज बंद कर. कोणी बासरी वाजवणारं मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर नुसती पेटी पुरते. सव्वीस जानेवारीला म्हणायचं असेल तर नाचाच्या गाण्यांमध्ये मागू नकोस, झेंडावंदन झाल्या झाल्या वेळ माग. नव्याने बांधून झालं की त्याला घेऊन या, मला ऐकायचं आहे.