फंक्शन्स असलेला ऑब्जेक्ट पुन्हा कोड म्हणून फाइलीत कसा लिहायचा?

म्हणजे कॉन्फिग ऑब्जेक्टमध्ये तारखा, रेगेक्स (मजकूर शोधायचे पॅटर्न), दोन-तीन फंक्शन्स आहेत, त्याची जेएस (जावास्क्रिप्ट) फाइल बनवायचीय, आणि जुन्या कोडमधलं टू-सोर्स (ऑब्जेक्टचा कोड मजकूर म्हणून देणारी मेथड) आता चालत नाही. बरोबर ना?

टू-सोर्सचा नाद सोडा. ते मोझिलाचं घरचं होतं, स्टँडर्डमध्ये कधीच नव्हतं. 2020 मध्ये फायरफॉक्स 74 मधून तेही काढलं. ब्राउझरबाहेर जेएस चालवणाऱ्या नोडमध्ये तर नव्हतंच.

साधा डेटा असेल तर जेसनचं स्ट्रिंगिफाय पुरतं. पण ते गपचूप घोळ घालतं. ऑब्जेक्टमधलं फंक्शन किंवा अनडिफाइन्ड कीसकट गायब, तेच अ‍ॅरेत असलं तर त्या जागी नल. नॅनचंही (म्हणजे 'आकडा नाही' अशा व्हॅल्यूचंही) नल. रेगेक्स, मॅप, सेट यांचा नुसता रिकामा {}. तारखेची स्ट्रिंग होते. त्यातल्या त्यात बिगइंट (फार मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) प्रामाणिक, सरळ एरर फेकतो.

म्हणून स्वतःचं छोटं रिकर्सिव्ह फंक्शन लिहा, तीस-चाळीस ओळींत होतं. स्ट्रिंग आणि की स्ट्रिंगिफायमधूनच काढा, म्हणजे अवतरणचिन्हांची कटकट नाही. तारखेसाठी 'न्यू डेट' आणि कंसात मिलिसेकंदांचा आकडा. रेगेक्सचं टू-स्ट्रिंग थेट लिटरलच देतं. ऑब्जेक्ट स्वतःकडेच परत बोट दाखवत असेल तर वाटेतले ऑब्जेक्ट लक्षात ठेवून तिथेच एरर द्या, नाहीतर स्टॅक फुटेल.

खरी गोम फंक्शनमध्ये आहे. टू-स्ट्रिंग केलं की सोर्स कॉमेंटसकट जसाच्या तसा मिळतो, 2019 च्या स्टँडर्डपासून तसा नियमच आहे. पण मेथड शॉर्टहँडने (कोलन आणि 'फंक्शन' शब्द न लिहिता) लिहिली असेल तर मजकूर मेथडच्या नावापासून सुरू होतो. तो 'की, कोलन' यांच्यापुढे चिकटवला की सिंटॅक्स एरर. बाइंड केलेल्या (धिस आधीच ठरवून दिलेल्या) फंक्शनमधून तर फक्त 'नेटिव्ह कोड' एवढंच हाती लागतं.

आणि हे सगळं निस्तरलं तरी क्लोजर, म्हणजे फंक्शन बाहेरची जी व्हेरिएबल्स वापरतं ती, उरतंच. बिलिंगच्या एका कामात मी हा उद्योग केला होता. कर काढायचं फंक्शन शब्दन् शब्द फाइलीत उतरलं, फाइल लोडही झाली. पहिलं बिल काढायला गेलो तर रेफरन्स एरर. कराचा दर ज्या व्हेरिएबलमध्ये होता ते मूळ फाइलीच्या माथ्यावरच राहिलं होतं! वरून टेस्टमध्ये मी फक्त फाइल लोड होते का एवढंच बघत होतो.

तेव्हापासून मी फंक्शन फाइलीत लिहीतच नाही. डेटात फक्त नाव ठेवतो, समजा 'जीएसटी18', आणि फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये त्या नावाचं फंक्शन तक्त्यातून उचलतो. तुमची दोन-तीनच आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे.