नोकरी सोडून पूर्णवेळ बासरीवादन करावं का?

करता येतं, पण फक्त मैफलींच्या मानधनावर घर चालवणारे फार थोडे. बाकीच्यांचं उत्पन्न मिश्र असतं: शिकवण्या, रेकॉर्डिंग, नृत्याला साथ, मधूनमधून स्वतःची मैफल. नाव मैफलीमुळे होतं, महिन्याचा खर्च बहुधा शिकवण्यांतून निघतो.

त्यामुळे रियाज कितीही चांगला असला तरी लगेच राजीनामा देऊ नका. पं. हरिप्रसाद चौरसियांनीसुद्धा 1957 मध्ये आकाशवाणीच्या कटक केंद्रावर नोकरी धरली होती. वाद्यही हातात आणि पगारही, अशी सोय मिळाली तर सोन्याहून पिवळं.

स्टुडिओत काम करायचं असेल तर तयारी वेगळी लागते, आणि इथेच चांगले चांगले वादक अडखळतात. तासभर राग खुलवायला तिथे वाव नसतो. समोर आलेली चार ओळींची धून हेडफोनमधल्या क्लिकवर (लयीच्या ठोक्यावर), पहिल्या-दुसऱ्या टेकमध्येच चोख वाजवायची. म्हणून नोटेशन झटकन वाचता आलं पाहिजे. एकाच बासरीवर सगळ्या पट्ट्या नीट वाजत नाहीत, तेव्हा ट्यूनरवर तपासलेल्या वेगवेगळ्या पट्ट्यांच्या बासऱ्यांचा संचही हवा. एसीच्या गारव्यात बासरीचा सूर उतरतो, फुंकून तापली की चढतो. हे फुंकीनं सांभाळणं क्लासात सहसा वेगळं शिकवत नाहीत, खरं तर शिकवायला हवं.

आकाशवाणीची ऑडिशन जरूर द्या. श्रेणी मिळाली तर आयोजकांशी बोलताना उपयोगी पडते. शिकवण्या मात्र नोकरीत असतानाच सुरू करा. त्यातून घरभाडं निघू लागलं की राजीनाम्याचा विचार करा.